शिंप्याचा मुलगा

माझे वडील शिवणकाम करतात. एस. टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचे दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन पायमशिनी आणि कापड बेतायला एक लांब फळी. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे मिरवण्यासाठी सांगत नाही. ज्याच्याविषयी लिहायला बसले आहे तो माणूस फ्रान्समधला, अडीचशे वर्षांपूर्वी जन्मलेला आणि गणितात नाव काढलेला. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने, जिने दहावीनंतर गणिताचे पुस्तक उघडले नाही तिने, त्याच्या वाटेला का जावे, असे कुणीही विचारील. माझ्याजवळ एकच उत्तर आहे. तोही शिंप्याचाच मुलगा होता.

त्याची ओळख झाली ती आजीच्या फोटोमुळे. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा धड असा एकच फोटो, तोही एका लग्नाच्या मांडवात चुलत्यांच्या फोनवर घाईत काढलेला. पुढे तो फोन फुटला. फोटो मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला आणि आमच्याकडे परत आला तेव्हा अगदी पुसट झाला होता. बाबांना तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. फोटोवाल्याने मान हलवली. दिवाळीच्या सुट्टीत माझा मामेभाऊ आला. तो पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टी संपताच त्याचा सेन्सर आणि डिजिटल इमेज प्रोसेसिंग या विषयाचा पेपर होता. दादाने फोटो लॅपटॉपवर घेतला, मोठा मोठा करत नेला आणि आजीच्या गालाच्या जागी मला नुसते चौकोन दिसू लागले. मी घाबरून विचारले की हे चौकोन कुठून आले. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. त्याच्या बोलण्यात एक नाव पुन्हा पुन्हा येत होते. इंजिनिअरिंगची मुले त्याला फोरियर म्हणतात. फ्रेंच उच्चार फूरिये असा आहे, म्हणून मी तोच वापरते.

ज्याँ बातिस्त जोसेफ फूरियेचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी बर्गंडी प्रांतातल्या ओसेर या गावी झाला. वडिलांचा धंदा शिवणकामाचा. त्यांना पहिल्या बायकोपासून तीन मुले आणि दुसरीपासून बारा. त्या बारांतला हा नववा. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. एवढ्या मोठ्या खटल्यात पोरक्या झालेल्या दहा वर्षांच्या मुलाचे काय होते ते आपल्यापैकी पुष्कळांनी आपापल्या गावात पाहिलेले आहे. फूरियेचे नशीब एवढेच की गावातल्या कुणा भल्या माणसांच्या नजरेत तो भरला आणि त्यांच्या शब्दावर त्याला गावच्या लष्करी शाळेत जागा मिळाली. ही शाळा बेनेडिक्टाइन पंथाचे साधू चालवत. आधी तो लॅटिन आणि साहित्यात पुढे होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास गणिताने त्याला धरले. चौदाव्या वर्षी त्याने बेझूच्या गणिताच्या पुस्तकाचे सहाही खंड वाचून संपवले. दिवसा अभ्यासाला वेळ पुरेना म्हणून स्वयंपाकघरातून आणि ओसरीवरून जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे तो गोळा करून ठेवी आणि सगळे झोपले की त्या उजेडात वाची, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. आमच्या दुकानात कापडाचा बोटभर तुकडासुद्धा टाकत नाहीत. त्यामुळे ही गोष्ट मला खोटी वाटत नाही.

शाळा संपल्यावर त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचे होते. हुशार मुलाला गणिताचा उपयोग करायला तीच जागा होती. लजान्द्रसारखा गणिती त्याच्या बाजूने बोलला. परंतु अर्ज परत आला. मुलगा सरदार घराण्यातला नाही, तेव्हा तो दुसरा न्यूटन असला तरी तोफखान्यात त्याला जागा नाही, अशा अर्थाचे उत्तर वरून आले म्हणतात. राज्यक्रांतीची कारणे आम्ही पहिल्या वर्षाला पाठ केली. त्यांत विशेषाधिकारी वर्ग हा मुद्दा दोन नंबरला होता आणि मी तो परीक्षेत लिहून गुणही मिळवले. पण त्याचा अर्थ मला कळला तो या एका अर्जावरून. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण होते. गावात विज्ञान शाखा नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्याचा खर्च झेपणारा नाही. म्हणून मी कला शाखेत आले. मला कुणी जन्म विचारला नाही हे खरे आहे. माझ्यापुरते दार फक्त लांब होते.

सैन्य नाही तर मठ, असे म्हणून फूरिये १७८७ मध्ये सँ बन्वा स्युर ल्वार येथील मठात शिकाऊ साधू म्हणून दाखल झाला. शपथ घेण्याआधीच १७८९ साल उजाडले. मठ सुटला. त्या डिसेंबरात त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे बीजगणितातल्या समीकरणांवर निबंध वाचला आणि मग ओसेरला येऊन तो आपल्याच जुन्या शाळेत शिक्षक झाला.

पुढची काही वर्षे त्याने जे केले ते सगळेच मला आवडलेले नाही. १७९३ मध्ये तो गावच्या क्रांतिसमितीत शिरला. दहशतीचा काळ होता. समितीचा माणूस म्हणून त्याला काय काय पाहावे लागले असेल ते सांगता येत नाही. तो राजीनामा देऊ पाहत होता, पण तो देता आला नाही. ऑर्लिआँ येथे त्याने काही आरोपींची बाजू घेतली आणि त्यामुळे तो स्वतःच संशयित ठरला. १७९४ च्या जुलै महिन्यात त्याला पकडले. गिलोटिन फार दूर नव्हते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला रोब्सपियरचाच शिरच्छेद झाला आणि तुरुंगांची दारे उघडली. आमच्या पुस्तकात ही तारीख एका ओळीत येते. ती ओळ आठवडाभर उशिरा आली असती तर दादाच्या अभ्यासक्रमातला मोठा भाग कोरा राहिला असता किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने, कितीतरी उशिरा आला असता.

देशभर शिक्षक हवे होते, म्हणून पॅरिसला नवी शिक्षकशाळा निघाली. १७९५ च्या सुरुवातीला फूरिये तिथे विद्यार्थी म्हणून गेला. शिकवायला लाग्रांज, लाप्लास आणि माँज होते. गणितातली ही तीन नावे म्हणजे त्या काळचे तीन सूर्यच. इतक्या थोरांसमोर बसलेला सत्तावीस वर्षांचा हा खेड्याकडचा शिक्षक लवकरच पॉलिटेक्निकमध्ये स्वतः शिकवू लागला. मधे आणखी एकदा अटक झाली, सुटकाही झाली. १७९७ मध्ये लाग्रांजची जागा त्याला मिळाली.

१७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याच्या ताफ्यात विद्वानांची एक पलटणच होती. तीत फूरियेही होता. कैरोत स्थापलेल्या इन्स्टिट्यूटचा तो चिटणीस झाला. या स्वारीला ज्ञानाची मोहीम म्हणून पुष्कळ ठिकाणी गौरवले जाते. मला तसे म्हणवत नाही. तोफा पुढे आणि वह्या मागे, अशा मोहिमा आपल्या देशानेही पाहिल्या आहेत. फूरियेने मात्र तिथल्या दगडांची, लेखांची, मोजमापांची नोंद जिवापाड केली आणि पुढे इजिप्तवरच्या त्या प्रचंड ग्रंथमालेची प्रस्तावनाही त्यानेच लिहिली.

१८०१ मध्ये तो परतला. आता आपण पॅरिसमध्ये शिकवावे एवढीच त्याची इच्छा होती. नेपोलियनने त्याला इझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा अधिकारी, नेमून ग्रेनोबलला पाठवले. नाही म्हणायची सोय नव्हती. आल्प्सच्या पायथ्याशी तो तेरा वर्षे फायली पाहत राहिला. ग्रेनोबलपासून तुरिनकडे जाणारा रस्ता त्याने काढला. बुर्ग्वाँ गावाजवळच्या दलदलीने सारा मुलूख तापाने पिडलेला होता. ती उपसायला आसपासच्या गावांची संमती लागत होती. प्रत्येक गावाचा हट्ट वेगळा. फूरिये गावोगाव बोलत राहिला आणि दलदल कोरडी करूनच थांबला. गणिताच्या पुस्तकात ही गोष्ट सापडत नाही. मला ती सगळ्यांत आधी सांगावीशी वाटते.

दिवसा कचेरी करून उरलेल्या वेळात तो उष्णतेवर विचार करी. इजिप्तहून आल्यापासून त्याला थंडी सोसत नसे. भर उन्हाळ्यातही तो जाड कपडे घालून, खोली तापवून बसे. थंडीने काकडणाऱ्या माणसानेच उष्णता कशी पसरते याचा विचार करावा, हे मला साहजिक वाटते.

त्याने एक लोखंडी कडे घेतले. कड्याला ठराविक अंतरावर भोके पाडून त्यांत तापमापके बसवली. एका बाजूने कडे तापवले आणि वेळोवेळी आकडे टिपून घेतले. दादा म्हणाला की हीच सेन्सरची मूळ कल्पना आहे. सगळे कडे कुणीच मोजू शकत नाही. चार ठिकाणी मोजायचे आणि बाकीचे त्यावरून ओळखायचे. फोनच्या भिंगामागे नखाएवढी सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर लाखो बारीक घरे असतात. घरात प्रकाश पडला की वीजभार साठतो, जेवढा प्रकाश तेवढा भार. तो भार मोजून त्याचा आकडा करतात. शून्य म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र. रंग कळावेत म्हणून घरांवर तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळण्या बसवलेल्या असतात. वीजभार असा घराघरांत साठवून पुढे सरकवण्याची युक्ती १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी काढली. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या फोनमधली चकती थोड्या वेगळ्या जातीची आहे, पण मोजणे तेच. म्हणजे आजीचा फोटो हा आमच्या दुकानातल्या मापांच्या वहीसारखा आहे. गिऱ्हाईक निघून जाते, वहीत आकडे राहतात.

आता फूरियेचे म्हणणे काय होते ते माझ्या परीने सांगते. सायन्सच्या मित्रमैत्रिणींनी हसू नये. कड्यावर कुठे जास्त ऊन, कुठे कमी, अशी उष्णतेची एक वाकडीतिकडी रेघ निघते. फूरिये म्हणाला की ही रेघ कितीही वेडीवाकडी असो, ती साध्या लाटांची बेरीज करून काढता येते. एक लांब, संथ लाट घ्यायची, तिच्यात थोडी आखूड लाट मिसळायची, मग आणखी आखूड, आणखी बारीक. कुठली लाट किती घ्यायची ते काढण्याची रीतही त्याने दिली. गणितात या लाटांना साइन आणि कोसाइन म्हणतात. एकदा रेघ अशी उसवली की पुढचे सोपे होते, कारण प्रत्येक लाट आपल्या गतीने विरत जाते. जी लाट दुप्पट बारीक ती चौपट वेगाने विरते. तिप्पट बारीक असेल तर नऊपट. म्हणून तापलेल्या कड्यावरचे बारीक चढउतार आधी नाहीसे होतात आणि शेवटी एक लांब, मंद लाट तेवढी रेंगाळते.

हे ऐकले तेव्हा दादाने स्क्रीनवर चौसष्ट चौकोनांचा एक तक्ता उघडला होता. तो पाहून मी हसलेच. तो हुबेहूब कापडाच्या नमुन्यांचा तक्ता होता! पहिला चौकोन कोरा, शेजारी उभ्या पट्ट्या, खाली आडव्या पट्ट्या, मग मोठी चौकडी, लहान चौकडी आणि अगदी कोपऱ्यात डोळ्यांना त्रास होईल इतकी बारीक चौकडी. फोटो साठवताना संगणक त्याचे आठ बाय आठ घरांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा या चौसष्ट नमुन्यांपैकी कोणकोणते, किती किती मिसळले म्हणजे तयार होईल ते काढतो. मग जागा वाचवण्यासाठी बारीक चौकड्यांचे आकडे ढोबळ करून टाकतो. त्यांतले पुष्कळ शून्य होतात. डोळ्याला सहसा फरक कळत नाही. परंतु तोच फोटो पुन्हा लहान केला, पुन्हा दाबला, पुन्हा पाठवला की दरवेळी बारीक नमुन्यांतले आणखी काही जाते. आजीच्या गालावरचे चौकोन हे होते. तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या बारीक चौकडीत होत्या. त्या सर्वांत आधी गेल्या.

हा सगळा विचार लिहून फूरियेने २१ डिसेंबर १८०७ रोजी पॅरिसला सादर केला. तपासायला बसले लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रुआ. त्यांतले तिघे बारा वर्षांपूर्वीचे त्याचे गुरू. लाग्रांजने ठाम विरोध केला. गुळगुळीत लाटा मिसळून टोकदार कोपरा कसा होईल, तुटलेली रेघ कशी होईल, हे त्याला पटेना. निबंध छापला गेला नाही. १८११ मध्ये त्याच विषयावर बक्षीस जाहीर झाले. फूरियेने निबंध वाढवून पुन्हा पाठवला. बक्षीस त्यालाच मिळाले, पण शेरा असा पडला की मांडणीत अजून पुरेसा काटेकोरपणा नाही. आणि निबंध तेव्हाही छापला नाही. बक्षीसही द्यायचे आणि निबंध दाबूनही ठेवायचा, याला काय म्हणावे?

तरीही लाग्रांजला खलनायक ठरवू नये असे मला वाटते. त्याची शंका पोकळ नव्हती. टोकदार कडेपाशी लाटा खरोखरच अडखळतात. फार दाबलेल्या फोटोत काळ्या अक्षरांभोवती जी फिकट भुतावळ दिसते ती त्याच अडखळण्याची. लाटांची बेरीज केव्हा बरोबर जुळते याची नीट अट १८२९ मध्ये दिरिक्ले या तरुण जर्मन गणितीने सिद्ध केली. पॅरिसला असताना त्याला फूरियेचा सहवास मिळाला होता. लाग्रांज ते पाहायला नव्हता, तो १८१३ मध्येच गेला होता. दुःख याचे वाटते की शंका खरी असली तरी तिच्यापायी काम पंधरा वर्षे अडले.

१८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून नेमका ग्रेनोबलच्याच वाटेने आला. फूरियेने आधी त्याच्याविरुद्ध फतवा काढला, मग गाव सोडले, मग त्याच्याच हाताखाली ल्योंचा प्रीफेक्ट व्हायला कबूल झाला आणि काही आठवड्यांतच त्या जागेवरूनही बाजूला झाला. हे काही वीराचे वागणे नव्हे. वॉटर्लूनंतर तो पॅरिसला आला तेव्हा नोकरी नव्हती, निवृत्तिवेतन नव्हते, वय सत्तेचाळीस. एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता मोठा अधिकारी झाला होता, त्याला सांख्यिकी कचेरीत काम दिले. मास्तरकी उपयोगी पडली ती अशी. १८१६ मध्ये अकादमीने त्याला निवडले तर राजाने नेपोलियनचा माणूस म्हणून नाव खोडले. १८१७ मध्ये पुन्हा निवडले, तेव्हा ते टिकले.

१८२२ मध्ये त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ अखेर छापून निघाला आणि त्याच वर्षी तो अकादमीचा कायम चिटणीस झाला. योगायोग असा की त्याच वर्षी शाम्पोलियाँने इजिप्तची चित्रलिपी उलगडल्याचे जाहीर केले. हा शाम्पोलियाँ ग्रेनोबलमध्येच शिकलेला. त्याचे सैन्यभरतीतून नाव वगळले जावे म्हणून प्रीफेक्ट फूरियेने आपले वजन खर्चले होते. एकाने दगडावरची अक्षरे सोडवली, दुसऱ्याने वाकड्या रेघा. पुढे १८२४ मध्ये फूरियेने पृथ्वी इतकी उबदार का राहते यावरही लिहिले आणि वातावरण उष्णता अडवून धरत असावे असे सुचवले. आज हवामानबदलाची चर्चा करताना त्या निबंधाची आठवण काढली जाते.

चिटणीस असताना त्याने आणखी एक गोष्ट केली. सोफी जेर्में नावाची बाई त्याच पॅरिसमध्ये गणित करीत होती. व्यापाऱ्याची मुलगी. लहानपणी ती रात्री अभ्यास करू नये म्हणून आईवडील तिच्या मेणबत्त्या काढून घेत. पॉलिटेक्निकमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, तेव्हा तिने एका पुरुष विद्यार्थ्याचे नाव घेऊन लाग्रांजकडे उत्तरे पाठवली. १८१६ मध्ये अकादमीचे बक्षीस मिळवूनही तिला अकादमीच्या सभेत बसता येत नव्हते, कारण ती कुणा सभासदाची पत्नी नव्हती. फूरियेने तिला तो प्रवेश मिळवून दिला. स्वतःचा अर्ज एकदा परत आलेला माणूस दुसऱ्याच्या अर्जाकडे कसा पाहतो हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असते. पुष्कळ जण आत गेल्यावर कडी लावून घेतात.

१६ मे १८३० रोजी फूरिये पॅरिसला वारला. लग्न केले नव्हते. पेर लाशेझच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे आणि त्यावर इजिप्शियन धर्तीची नक्षी आहे. त्याचा फोटो मात्र नाही. असणे शक्यही नव्हते. टिकून राहिलेला जगातला पहिला फोटो १८२७ च्या सुमारास निएप्सने काढला, तोही बर्गंडीतच, आणि तो खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा होता. माणसांचे चेहरे फोटोत येऊ लागले ते फूरिये गेल्यानंतर. त्याची आपण पाहतो ती हाताने काढलेली चित्रे आहेत. ओसेर गावाने १८४९ मध्ये त्याचा काशाचा पुतळा उभारला होता. दुसऱ्या महायुद्धात तो धातूसाठी वितळवला गेला. आयफेल टॉवरवर बहात्तर शास्त्रज्ञांची आणि इंजिनिअरांची नावे कोरली आहेत, त्यांत त्याचे आहे.

त्याच्या लाटा मोजायला फार आकडेमोड लागे. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी ती झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा संगणकाला ती परवडू लागली. आणि दादाच्या स्क्रीनवरचा तो कापडाच्या नमुन्यांचा तक्ता ज्या रीतीतून आला ती सुचली नासीर अहमद यांना. ते मूळचे बंगळूरचे, अमेरिकेत कॅन्ससमध्ये प्राध्यापक होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या शासकीय संस्थेकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. फार साधी गोष्ट आहे, असे परीक्षकांना वाटले होते. त्यांनी उन्हाळ्यात पगाराशिवाय काम करून ती पुरी केली आणि १९७४ च्या जानेवारीत नटराजन व के. आर. राव या दोन सहकाऱ्यांसह निबंध छापला. १९९२ मध्ये जेपेग नावाचे जे प्रमाण ठरले त्याच्या पोटात हीच रीत आहे. आपल्या फोनमधले बहुतेक फोटो, या अंकाच्या मुखपृष्ठासाठी पाठवलेलेसुद्धा, तीतून गेलेले असणार.

आता आजीच्या फोटोचे सांगते. मी दादाला विचारले की लाटा उसवता येतात तर पुसटपणा उलटा फिरवता येणार नाही का. त्याने करून दाखवले. पुसट होणे हे उष्णता पसरण्यासारखेच आहे, म्हणजे बारीक लाटा आधी विरतात. जी लाट थोडी तरी उरली आहे तिला पुन्हा जोर देता येतो. पदराचा काठ त्याने तसा बराच स्वच्छ आणला. कुंकूही ठसठशीत झाले. परंतु जिथे आकडा शून्यच झाला आहे तिथे शून्याला कितीने गुणले तरी शून्य. आणि फार जोर दिला की फोटोतली कचकच तेवढी वाढते, चेहरा नाही.

मग त्याने फोनवरचे एक नवे अ‍ॅप वापरले. ते आपल्या मनाने गाळलेल्या जागा भरते. क्षणात फोटो लख्ख झाला. सुरेख म्हातारी होती. नाक सरळ, गाल भरलेले, डोळ्यांत हसू. बाबांनी बराच वेळ पाहिले आणि मशीनवर जाऊन बसले. ती त्यांची आई नव्हती. आजीचे नाक किंचित डावीकडे होते, लहानपणी पडल्यामुळे. अ‍ॅपने लाखो चेहरे पाहून सरळ नाक असण्याची शक्यता जास्त धरली असणार. दादाने तो फोटो पुसून टाकला.

शेवटी दादाने सुधारलेला तो पहिलाच फोटो पोस्टकार्डाएवढा काढून आणला. त्याहून मोठा केला की चौकोन दिसू लागतात. बाबांनी चौकट मात्र आधीच मोठी आणून ठेवली होती. तेव्हा त्यांनी फळीवरच्या कापडातून फिकट राखाडी, बारीक चौकडीचा एक तुकडा बेतला, मधोमध फोटोच्या मापाची खिडकी कापली, कडा दुमडून हाताने टाके घातले आणि तो काचेच्या आत बसवला. दुकानात शिरताना उजव्या हाताला लावला आहे. फार जवळ न जाता पाहिले तर नाकाचा तो कल अजून कळतो.